बिट्टीचा बार

६ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मी तुला करू देत नाही, आणि शेवटी दोघींपैकी कुणालाच कळत नाही की भांडण झालं की नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. निमूट वाच.

आज दुकानात कोपऱ्यावरची औषधवाली आली होती. तिच्या नव्या चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवत होते, तर बाई इकडेतिकडे बघून आवाज खाली करून मला विचारते की तुमची बिट्टी हल्ली बारमध्ये असते हे खरं का. वर माझ्या हातावर थोपटलं. माझ्या दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून मला धीर देत होती! मी तिला समजावलं की तो पिण्याचा बार नव्हे. व्यायामाचा एक प्रकार आहे, भिंतीला लाकडी दांडी लावलेली असते आणि बायका ती धरून पाय वर करतात. हे ऐकून तिचा चेहरा आणखीच उतरला. दारूचा बार परवडला असता, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. खरं सांगू, माझ्याही आलं.

पोरीला मी हाताला धरून डोळे तपासायला शिकवलं. परीक्षा दिल्या, कागद भिंतीवर लागला. माणूस दारातून आत येताना उंबऱ्याकडे कसा बघतो यावरून ती नंबराचा अंदाज करायची, आणि तो बरोबर निघायचा. हे असं शिकवून येत नाही. आणि ती पोरगी हे सगळं टाकून परक्या गावात एका खोलीत दांडी धरून कंबर हलवते आणि दुसऱ्यांना हलवायला लावते. वर्ष झालं. मी तिच्याशी बोललेली नाही आणि बोलणारही नाही. तिचा फोन येतो, वाजतो, थांबतो.

तू तिच्याच गावात आहेस. तिच्याकडे जातेस, जेवतेस, हे मला ठाऊक आहे. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. पण आता एक काम कर. नवशिकी म्हणून तिच्या त्या वर्गाला एकदा जा. सगळं नीट पाहा आणि कोर्टात साक्ष उतरवून घेतेस तसं मला लिहून पाठव. काय झालं, कोण काय म्हणालं, एवढंच. तुझं मत नको. नक्की काय चाललंय ते कळलं की तिला परत कसं आणायचं ते मी ठरवीन. हा बार फुसका निघणार याची मला खात्री आहे. फक्त पुरावा हवा.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.
ताई

---

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पलंगावर आडवी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. बसता येतं, पण बसल्यावर उठता येत नाही. काल कोर्टात न्यायाधीश आत आले आणि सगळे उभे राहिले, मी तेवढी टेबलाला धरून अर्धवट लोंबकळत होते. त्यांना वाटलं मी वाकून नमस्कार करते आहे. ते ओशाळले.

मी फार संतापले आहे, ताई. कुणाकुणावर ते ओळीनं सांगते.

पहिल्यांदा मोज्यांवर. बिट्टीनं आधीच बजावलं होतं की गुडघे दिसतील असे अंगाला बसणारे कपडे घाल, पाण्याची बाटली आण, थोडी लवकर ये, बूट चालत नाहीत, तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे लागतात. मी म्हटलं, मोजे ते मोजे, त्याला ठिपके कशाला? माझे नेहमीचे घालून गेले. खाली गुळगुळीत लाकडी जमीन. पहिल्यांदा गुडघे वाकवले आणि टेबलावरून फाईल सरकवावी तशी मी तीन बायकांसमोरून सरकत थेट पाण्याच्या बाटल्यांत गेले. मग मुकाट्यानं कपाटातले ठिपक्यांचे मोजे मागून घेतले.

नंतर आरशावर. फरशीच्या दुकानाच्या वर ही खोली आहे. लांबट, उजेडाची. एका बाजूला भिंतभर आरसा आणि दुसरीकडे कंबरेच्या उंचीला तुझी ती दांडी. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं खाली मान घालून उतरवत आले. माझी पाठ अशी कमानीसारखी झाली आहे हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. तूसुद्धा नाही! तुझं तर बघण्याचंच दुकान आहे.

मला वाटलं होतं नाच असेल, गिरक्या असतील, आपलं हसं होईल. तसलं काही नाही. नाच येणारं तिथं फारसं कुणी नव्हतंच. टाचा जोडायच्या, चवडे बाहेर, टाचा किंचित उचलायच्या, गुडघे थोडे वाकवायचे. आणि मग इंचभर खाली, इंचभर वर. बस. मला हसूच आलं. म्हटलं, या इंचासाठी पोरीनं दुकान सोडलं? पण ताई, तो इंच संपेना. मांडीत कुणी शेगडी पेटवल्यासारखं व्हायला लागलं, आणि मग माझे पाय थरथरायला लागले. थोडेथोडके नव्हेत, शिवणयंत्र भरधाव सोडल्यासारखे. मी मरते आहे असं समजून बिट्टीकडे पाहिलं, तर ती हसत हसत आली आणि म्हणाली की मावशी, छान, हेच हवं होतं. नवीन माणूस इथंच घाबरतं, पण स्नायू दमला की थरथरतो, त्यात बिघडलेलं काही नाही. थांबावंसं वाटलं तर गुडघे सरळ कर, दम खा आणि परत ये, इथं कुणी मोजत नाही. मात्र सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर लगेच हात वर कर, ते दुखणं वेगळं. आता सांग, सख्खी मावशी लटलटते आहे आणि पोरीला आनंद होतोय!

दांडी मी अशी घट्ट धरली होती जसा आरोपी पिंजऱ्याचा कठडा धरतो. तिनं माझ्या बोटांवर हळूच टिचकी मारली आणि सांगितलं की चहाचा कप धरतेस तेवढंच धर, ती तोल सांभाळायला आहे, लोंबकळायला नाही. मग हातात छोटी वजनं. मी मानापायी जरा मोठी उचलली. हात बाजूला पसरून नुसते धरून ठेवायचे होते. थोड्याच वेळात ती वजनं कुणीतरी बदलून लोखंडाची खोडं ठेवली असावीत. मग गुडघ्यांत चेंडू धरायचा. माझा दोनदा निसटला. शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई होती, माझ्याहून बरीच मोठी. ती सगळं शांतपणे करत होती आणि वर माझा चेंडू उचलून देत होती. तिच्यावर तर मी सगळ्यांत जास्त चिडले आहे. शेवटी चटईवर पडून अंग ताणलं, तेवढा भाग मात्र मला मान्य आहे.

आता राहिलीस तू. तू ज्याला कंबर हलवणं म्हणतेस ते मी पाहिलं. बिट्टी प्रत्येकीजवळ जाते. वाकून गुडघा बघते, पाठीवर दोन बोटं ठेवते आणि सांगायचं ते इतक्या हळू सांगते की शेजारणीला ऐकू जात नाही. ही चाल मी आधी कुठंतरी पाहिली आहे असं सारखं वाटत होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा सरळ बसलाय की नाही हे बघायला तू अशीच त्याच्याभोवती फिरतेस. ती तुझंच काम करते आहे, ताई. फक्त जरा खालच्या अंगाला.

मत नको म्हणाली होतीस. तर शेवटचं वाक्य कामकाजातून काढून टाक.

माया आहे तशीच असू दे, राग तेवढा कमी कर, आणि मांडीला चोळायला काही असेल तर धाड.
तुझी बेबी

ता. क. पुढच्या आठवड्यासाठीही मी नाव दिलं आहे. का, ते विचारू नकोस.

---

२७ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

मी तुला साक्षीला पाठवलं होतं आणि तू फितूर झालीस! वर पुढच्या आठवड्याचं नावही दिलंस. मी इथं औषधवालीला तोंड द्यायचं आणि तू तिथं चेंडूनं खेळायचं.

ती माझं काम करते म्हणे. माझं काम काय असतं ते तुला माहीत नसेल तर सांगते. काल एक गवंडी आला होता. त्याला ओळंब्याची दोरी दोन दिसायला लागली होती. घाबरून कुणाला सांगत नव्हता, काम जाईल म्हणून. त्याला मी नीट दिसतं केलं. तो दुकानाबाहेर उभा राहून समोरच्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत होता. हे माझं काम. इंचभर खाली आणि इंचभर वर यानं कुणाचं काय होतं ते मला एकदा दाखव. तुझी पाठ कमानीसारखी आहे हे तुला आरशात दिसलं म्हणतेस. ते मला बारा वर्षांपासून दिसतंय. पण मी बोलले असते तर तू ऐकलं असतंस का?

पुढल्या शनिवारी दुकान बंद ठेवून मी स्वतः येणार आहे. सकाळी तुझं कोर्ट असतं, तेव्हा तू मध्ये येणार नाहीस हे उत्तम. बिट्टीला सांगायचं नाही. मी मागच्या बाजूला उभी राहीन, माझ्या डोळ्यांनी बघेन आणि दुपारच्या गाडीनं परत जाईन. तुझ्याकडेही येणार नाही, कारण मी तुझ्यावर रागावलेली आहे.

चोळायला काही पाठवत नाही. दुखू दे.

त्या ठिपक्यांच्या मोज्यांचं माप पायाच्या मापानंच असतं की वेगळं? मी घालणार नाही. माहिती असावी म्हणून विचारलं.

लोभाचं पुढं बघू.
ताई

---

९ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझ्या कानावर आलंच असेल, पण तिखटमीठ लावून आलं असेल, म्हणून मी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. पायांचं तर विचारूच नकोस.

मी वेळेच्या आधी पोचले. दारात बिट्टी. तिनं मला पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. बाकीच्यांना जे विचारत होती तेच मलाही विचारलं, पूर्वी कधी केलंय का, कुठं दुखतंखुपतं का. मी नाही म्हटलं, आणि नुसती बघायला आले आहे हे सांगायचं राहूनच गेलं. तिनं मला दांडीच्या टोकाशी जागा दिली. नवीन माणसाला टोक बरं, एका बाजूला भिंत राहते, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. वर्षानं भेटते आहे, अंगानं निम्मी झाली आहे, केस कापले आहेत, आणि आईला म्हणते नवीन माणूस!

माझ्या शेजारी एक बस चालवणारी बाई होती, चांगली भक्कम. तिचाही पहिलाच दिवस. दिवसभर बसून कंबर धरते म्हणून आली होती. आम्ही दोघींनी गुडघे वाकवले. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे आणि कमी लिहिलं आहेस. माझी पोटरी आणि मांडी आपापसांत भांडायला लागल्या. खांदे खाली, मान मोकळी, असं बिट्टी मागून म्हणाली. मी दुकानात तिला हेच सांगायचे, भिंगावर वाकून बसली की. त्याच आवाजात. मला इतका राग आला की मी खांदे खाली केले.

बसवाल्या बाईचा तोल जात होता. बिट्टीनं सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं, तिच्यापाशी गेली, दोन्ही हात दांडीवर ठेवायला लावले आणि आधी अगदी थोडंच वाकायला सांगितलं. बाईला जमलं. ती हसली. तेवढ्यात मालकीण आत आली. उंच, चकचकीत बाई. आल्या आल्या सगळ्यांसमोर बिट्टीला म्हणाली की हा दवाखाना नाही, लोक इथं घाम गाळायला येतात, एकीसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं नाही. मग बसवाल्या बाईकडे न बघताच तिला म्हणाली की आरशासमोरची रांग नेहमीच्यांची असते, नवीन लोकांनी मागच्या कोपऱ्यात जावं, नाहीतर रांग बेढब दिसते. ती बाई बिचारी निघाली. एवढी मोठी बस वळवणारी बाई, आणि अंग चोरून चालायला लागली. बिट्टी म्हणाली की नव्यांनाच आरसा जास्त लागतो. तर मालकीण हसून म्हणते की चष्म्याच्या दुकानातून उचलून मी तुला इथं आणलं, तू मला शिकवू नकोस.

बेबी, माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी टोकाशी होते, गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, तशीच बोलायला लागले. म्हटलं की चष्म्याच्या दुकानातून कुणी हिला उचललेलं नाही, ती स्वतःच्या पायांनी बाहेर पडली आहे. त्या दुकानात पोरं किंचाळत यायची आणि ही त्यांच्यासमोर जमिनीवर बसून आधी त्यांच्या बाहुलीला चष्मा घालायची. एक म्हातारे गृहस्थ आपल्याला अक्षर वाचता येत नाही हे लपवायला दिसत नाही असं म्हणत होते. ते हिनं ओळखलं, पण दुकानात कुणाला कळू दिलं नाही, चित्रांचा तक्ता लावून त्यांचे डोळे तपासले. माणसाला आपण बेढब आहोत असं न वाटू देता सरळ करणं ही विद्या आहे, आणि ती या बाईंच्या खोलीत तयार झालेली नाही. बसवाल्या बाईंना मी सांगितलं की तुम्ही जागच्या हलू नका. मालकीणबाईंनी विचारलं की आपण कोण. मी म्हटलं, मी हिची आई.

आता इथून तरातरा निघून जावं असं माझ्या मनात होतं. पण पाय म्हणजे नुसती दोन भिजलेली वर्तमानपत्रं. हात सोडला असता तर पडले असते. मग काय, दांडी धरून धरून, एकेका बाईला वळसा घालत, मी दारापर्यंत गेले. एवढ्या संतापानं इतकं हळू कुणी कधी गेलं नसेल. बिट्टीकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं की पोरगी माझ्याशी आई म्हणून एक शब्द बोलली नव्हती, आणि मीही तिच्याशी लेक म्हणून नाही.

लोभ असावा. सध्या फार गरज आहे.
ताई

---

१४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी रागावून लिहिते आहे आणि ते लपवत नाही. रागावणं तुझ्याकडूनच आलंय, तेव्हा ओळखशील.

शनिवारी तू गेल्यावर मालकीणबाईंनी मला खाली बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मीच येणार नव्हते. ते खरं होतं. पण आई, ते मी तुझ्याआधी म्हणणार होते. त्यांनी बसताईंना मागे जायला सांगितलं तेव्हा मी तोंड उघडलंच होतं. एक वाक्य बोलले होते आणि दुसरं येत होतं. तू ते माझ्या तोंडून काढून घेतलंस. लहानपणीही असंच व्हायचं. गिऱ्हाईक मला काही विचारायचं आणि उत्तर तू द्यायचीस. सगळ्यांना वाटतं की आईनं लेकीची बाजू घेतली. मला वाटलं की पुन्हा एकदा मी दुकानात आहे आणि तू गल्ल्यावरून बोलते आहेस.

आणि एक सांगते, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि अखेर बोललीस ती माझ्याबद्दल, दुसऱ्या बाईशी. तो बाहुलीचा चष्मा, ते म्हातारे आजोबा, हे तुझ्या लक्षात होतं. मला कधी म्हणाली नाहीस. मला ते चारचौघींसमोर, तुझ्या पाठीकडे बघत ऐकावं लागलं. मी घरी येऊन खूप रडले आणि मग खूप चिडले.

मला दुकान आवडत नव्हतं असं तू धरून चाललीस. तू विचारलंच नाहीस. मी सांगायला आले होते त्या संध्याकाळी तू एका चष्म्याचा स्क्रू आवळत होतीस. मी बोलत होते आणि तू आवळत होतीस. मग म्हणालीस की जायचं तर जा, दिवा मालवून जा. मी मालवला.

आता बातमी. बसताई, पांढऱ्या केसांच्या आजी आणि आणखी काहीजणी मला शोधत घरी आल्या. इथल्या एका शाळेनं संध्याकाळी त्यांचा व्यायामाचा हॉल द्यायचं कबूल केलंय. दांडी नाही, आरसाही नाही. खुर्च्यांच्या पाठी धरून करू. महिनाअखेरीच्या शनिवारी पहिला वर्ग आहे, बहुतेक सगळ्या नवशिक्याच. मावशी येणार आहे, ती आता स्वतःला जुनी समजते.

तुला यायचं असेल तर ये. पण नवशिकी म्हणून ये, माझी वकील म्हणून नको. सैल कपडे नकोत, येण्याआधी दोनेक तास जेवू नकोस, आणि दुखत असेल तिथं दुखतंय म्हण. त्या दिवशी नाही म्हणालीस, पण तुझा उजवा खांदा वर होत नाही, हे मला लगेच दिसलं.

राग ओसरायला वेळ लागेल. प्रेम त्याच्यासाठी थांबलेलं नाही.
तुझी बिट्टी

---

१८ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उत्तराला चार वेळा बसले. पहिली तीन पत्रं मीच बरोबर कशी हे सांगणारी झाली, म्हणून फाडली.

खांदा दुखतो. हिवाळ्यापासून. वरच्या फळीवरच्या फ्रेमा काढता येत नाहीत, गिऱ्हाइकाला सांगते की तसल्या संपल्या.

शनिवारी येते. बोलणार नाही.
आई

---

३० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तू काल तिथं होतीस, तरी लिहिते. कारण तू वर्ग संपताच बसवाल्या बाईंबरोबर खिदळत निघून गेलीस. दोघी मैत्रिणी झाल्या आहात हे मी पाहिलं, आणि मला कुणी विचारलं नाही याची नोंद घेतली आहे.

पहिल्यांदा तक्रारी. ती खुर्ची डुगडुगत होती. हॉलमध्ये खडूचा वास होता. तू माझ्यापुढे उभी राहून गुडघे इतके वाकवत होतीस की ते केवळ मला दाखवायला होतं. आणि मला मधूनच दम खायला थांबावं लागलं, तेव्हा तू वळून पाहिलंस. जुन्या माणसांनी नव्यांकडे असं बघू नये.

बिट्टी माझ्याकडे दोनदाच आली. एकदा तिनं माझा उजवा हात खुर्चीवरून उतरवून कमरेवर ठेवला आणि म्हणाली की हा आज वर न्यायचाच नाही, दुसऱ्याचं बघून करायचं नाही. दुसऱ्यांदा पाठीवर हात ठेवला, इथून उभी राहा म्हणाली. मी उभी राहिले. मला वाटत होतं मी सरळच उभी आहे. तशी नव्हते. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून गप्प बसले. किती कष्टानं ते मला ठाऊक.

सगळ्या गेल्यावर ती खुर्च्या भिंतीला लावत होती. मी मदत करणार होते, पण पायांनी नकार दिला, म्हणून बाहेरच्या पडवीत पोरांच्या बाकावर जाऊन बसले. ते बाक केवढेसे असतात, गुडघे हनुवटीला लागले. ती आली आणि शेजारी बसली. शिपाई दिवे घालवत एकेका खोलीतून पुढं चालला होता.

मग मी तिला विचारलं की त्या संध्याकाळी, मी स्क्रू आवळत होते तेव्हा, तू मला काय सांगत होतीस.

ती म्हणाली की आता काय उपयोग. मी म्हटलं, मला ऐकायचंय. मग तिनं सांगितलं. दुकानात माणसं खुर्चीत येऊन बसतात, अंधाऱ्या खोलीत तिला दोन डोळे दिसतात आणि बाकीचं माणूस दिसत नाही. त्यांना उठून चालताना बघावं असं तिला वाटायचं. एका बाईंना नंबर काढून दिला आणि त्या दारात पायरीवर थबकल्या. डोळ्यांना पायरी नीट दिसत होती, पण पायाला भरवसा वाटत नव्हता. बिट्टी त्यांच्याबरोबर खाली उतरली, पुढच्या गल्लीपर्यंत गेली. परत आली तेव्हा तिला कळलं होतं की आपल्याला काय करायचंय. मला वाटलं होतं ती त्या दिवशी कामाच्या वेळेत भटकायला गेली होती. मी तिला त्यावरून बोललेही होते.

ती सांगत गेली, मी मध्ये एक शब्द बोलले नाही. तू म्हणशील की अशक्य. विचार तिला. मध्ये मला तीनदा तरी काही म्हणायचं होतं, दोनदा तर ते अगदी बरोबरही होतं. तोंड मिटून बसले. इंचभर वर-खाली करण्यापेक्षा हे फार अवघड आहे.

तिचं बोलून झालं. मग ती म्हणाली की आई, चल, शिपाई कुलूप लावायला थांबलाय. मी उठायला गेले, तर उठता येईना. तिनं माझा डावा हात धरला. उजवा नाही. मला वर ओढलं, आणि आम्ही फाटकापर्यंत हात न सोडता गेलो. ती फार भरभर चालते. तसं मी तिला सांगितलं. ती हळू झाली.

तुझ्यावरचा राग राखून ठेवला आहे, माया तर तुझ्यापाशीच आहे. ती जपून वापर.
ताई